सड्यावरचे गोटे

उन्हाळ्यापुरतं मला राजापूरजवळच्या सरकारी सड्यावर, म्हणजे उंच कातळमाळावर, दगडांची नोंद करायचं काम मिळालं होतं. सगळीकडे जांभा, तांबडा आणि भोकाभोकांचा. त्यावर एके ठिकाणी मात्र काळ्या, गुळगुळीत गोट्यांची रास! नदीतले गोटे एवढ्या उंचावर आले कसे? आठवडाभर डोकं खाजवून शेवटी मी वहीत लिहिलं, ‘इथून पूर्वी नदी वाहत असावी.’ आणि एक गोटा नमुना म्हणून पिशवीत टाकला.

तेवढ्यात रोज भारा घेऊन जाताना लांबून दिसणारी म्हातारी राशीपाशी थांबली. तिने ओच्यातून एक गोटा काढला, राशीवर ठेवला आणि हात जोडले.

“हे तुम्ही आणता, आजी?”

“व्हाळातला तो,” तिने खालच्या ओढ्याकडे बोट दाखवलं. “सडा राखणदार देवाचा. वाटेन जायचा तर एक ठेवायचा.”

“आणि तळातले?”

“ते आमच्या आधीच्यांनी.” माझ्या पिशवीकडे बघून ती म्हणाली, “आजवर कुणी नेला नाय हो, बाबा.”

मी गोटा परत ठेवला. वहीतलं वाक्य खोडायला पेन काढलं, पण खोडलं नाही. नदी इथवर आली होती, हे काही खोटं नव्हतं; एकेका गोट्याने, ओच्यातून आली होती.