अवचार मॅडमचा वर्ग मेडशीतच भरेल

आणि शाल-श्रीफळाला माझा विरोध कधीच नव्हता, हे गौरव समितीच्या गजाननभाऊंनी आधी मान्य करावं. मी गौरव समितीला फोनवर एवढंच म्हणालो होतो की नलिनी अवचार मॅडमच्या साठाव्या वाढदिवसाचा सत्कार वाशिमच्या मंगल कार्यालयात न करता मेडशीत करा, आणि त्या दिवशी त्यांना वर्ग घेऊ द्या. त्यावर भाऊ म्हणाले, "तू आठवी पास, तिकडं राजस्थानात रोलर चालवतो, तुले कार्यक्रमातलं काय समजते?" नसेल समजत. पण सत्काराच्या अंकासाठी लेख मागितला आहे, तर मी माझंच म्हणणं लिहिणार. छापायचं नसेल तर पान कोरं सोडा.

मॅडम ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. महामार्गाची आखणी कशी करावी, त्यासाठी जमीन घेताना मोजणी, पंचनामा, सुनावणी कशी करावी, हे त्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात अभियंत्यांना आणि महसुलाच्या लोकांना शिकवायच्या. रस्त्याच्या कामावरचे कितीतरी साहेब त्यांच्या हाताखालून गेले आहेत. मी मात्र त्यांचा विद्यार्थी नाही. आमची पहिली भेट झाली ती केनवडला, आमच्याच वावरात, मोजणीच्या दिवशी.

आमची भाजीपाल्याची शेती. कारल्याचा मांडव ऐन तोड्यावर आला होता. साहेब लोक येणार म्हणून बाबांनी आदल्या दिवशी तो उतरवला. तारा गुंडाळल्या, बांबू उपटले, वेल ओढून बांधाकडेला टाकले. पाहुणे येणार म्हटल्यावर लोक अंगण झाडतात, आमच्याकडे वावर झाडतात. मोजणीवाले आले, चहा प्याले, बाबांची सही घेतली आणि पंचनाम्यात पिकापुढे लिहून टाकलं, "नाही."

मॅडम त्या दिवशी आपल्या विद्यार्थ्यांना मोजणी दाखवायला आल्या होत्या. त्या जमिनीकडे पाहत उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे खड्डे कायचे?"

"मांडव होता जी," बाबा म्हणाले. "साहेबाइले वाकून जावं लागलं असतं. म्हनून काढला."

मॅडम बांधापर्यंत गेल्या आणि एक वेल उचलून आणला. कारली लोंबतच होती. पुरवणी पंचनामा करा, असं त्यांनी मोजणीच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, सही झालेली आहे." मॅडम म्हणाल्या, "या माणसानं तुमच्यासाठी वाट मोकळी केली, आणि तुम्ही त्याचं पीकच खोडलं. लिहा. मी थांबते." छत्री नाकारून त्या उन्हात उभ्या राहिल्या. साहेबांना लिहावं लागलं.

जमीन जाणार ती जाणारच होती. अर्धी विहीरही रस्त्याच्या आखणीत येत होती. म्हणून मी तेव्हा त्यांच्यावरच चिडलो होतो. "मॅडम, याइले तुमीच शिकवता ना? मंग आता काहून रागावता?" बाबा ओरडले, "गप रे!" पण मॅडम म्हणाल्या, "बरोबर बोलून राह्यला तो. माझ्या पुढच्या वर्गाले तुमी दोघं बापलेक या."

तो वर्ग मी पाहिला आहे, म्हणून सांगू शकतो. मॅडम त्याला उलटी सुनावणी म्हणत. जमीन गेलेल्यांनी साहेबाच्या खुर्चीत बसायचं आणि शिकाऊ साहेबांनी शेतकरी होऊन समोर उभं राहायचं. बाबांना खुर्चीत बसवलं, तर ते लगेच उठले आणि समोरच्या अभियंत्याला म्हणाले, "बसा ना साहेब." सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "शेषरावभाऊ, बसून राहा. आज साहेब तुमी." मग बाबांना काय झालं कोण जाणे, त्यांनी मान खाली घातली, समोरचा कागद उलटसुलट केला आणि वर न पाहताच म्हणाले, "पुढचा!" तो अभियंता म्हणाला, "अहो, माझं ऐकून तर घ्या." बाबा म्हणाले, "उद्या या. साहेब जेवाले गेले." पोरगा खरोखर लाल झाला. "मी लांबून आलोय!" मॅडमनी हात वर केला. "आत्ता जे वाटलं, ते विसरायचं नाही. आजचा धडा संपला."

त्यांची माया अशीच भांडत भांडत असते. शाळा मी सोडली होती, पुण्यातलं हॉटेल सोडलं, सुरतचा कारखाना सोडला. दर वेळी त्यांचा फोन, "आता कुठी हायेस रे, फिरस्त्या?" रस्त्याच्या मशीन चालवायला शिकवतात तिथं दहावी पास लागत होती. मॅडम स्वतः तिथं गेल्या आणि म्हणाल्या, "पोराला एकदा चालवून तर पाहू द्या." निघताना मला एवढंच सांगितलं, "जिथं रस्ता करशील तिथं खाली उतरून पाहाजो, कोणाचं काय हाय ते." आजही कोणाच्या वावराचा पाण्याचा पाइप दिसला की मी रोलर थांबवतो. मुकादम ओरडतो. ओरडू दे.

मॅडम निवृत्त झाल्या आणि केंद्रानं उलटी सुनावणी बंद केली. म्हणे, ते नाटक आहे. आणि इकडं मेडशीला रुंदीकरणाची मोजणी येऊ घातली आहे. माझी अक्का तिथंच दिली आहे. परवा फोनवर म्हणाली, "तुझे दाजी वावर साफ करून राह्यले. संत्र्याची लहान झाडंबी काढतो म्हनतात, साहेबाइची गाडी आत आली पायजे म्हनून." मी म्हटलं, "अक्का, हात धर त्याइचा! मॅडम येऊन राह्यल्या म्हन." तसं पाहिलं तर तेव्हा मॅडमना मी विचारलंही नव्हतं.

मग विचारलं. त्या म्हणाल्या, "सत्काराचा दिवस तर मोकळाच हाय माहा." भाऊंना वाटतं यानं कार्यक्रमाची शोभा जाईल. जाऊ द्या. हार मेडशीच्या पारावरही घालता येतो. आता साहेब झालेले आपले जुने विद्यार्थीही आणा म्हणून मी मॅडमना सांगितलं आहे. दाजींना साहेबाच्या खुर्चीत बसवायचं आहे. समितीनं मंगल कार्यालय घेतलंच असेल तर तिथं आपसांत भाषणं करावीत.

मॅडमचे गुडघे अजून पुष्कळ बांध ओलांडोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि मी म्हातारा झालो तरी मला फिरस्त्या म्हणून रागे भरायला त्या असोत.

समितीच्या मानपत्रासाठी माझी वर्गणी धरू नये. मेडशीच्या वर्गाचा चहा आणि येणाऱ्यांचं जीपभाडं यासाठी अक्काच्या नावानं पाठवतो आहे, रुपये सहा हजार पाचशे.