डिसेंबर अपुरा नाही

अंबुअक्का गेली, हे तिच्या मुलाने, सेतूने, मला फोनवर सांगितलं आणि रडता रडताच पुढे म्हणाला, "मामा, अम्माचा डिसेंबर अपुरा राहिला हो." मी तेव्हा पापनाशमहून येणाऱ्या बसमध्ये उभा होतो. "नाही!" म्हणून असा ओरडलो की ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि शेजारच्या रुळांवरची रेल्वेसुद्धा थबकली... वाचणारे म्हणतील, सुरू झाला हा. आमच्या घरातलेही तेच म्हणतात, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

अक्का माझी मावसबहीण. तंजावूरच्या आमच्या मराठी घरांपैकी तिचं घर सोन्याच्या वर्खाची देवचित्रं करणारं. लोणी खाणाऱ्या कृष्णाला वर्ख लावण्यात तिचा जन्म गेला. चित्रात बोटभर जागा रिकामी दिसली तर तिचे वडील जेवण टाकून उठत. वर्षातले निम्मे दिवस ते उपाशीच असत. अशा घरातल्या बाईने साठी उलटल्यावर भलतंच मनावर घेतलं. एका पंपवाल्याने फुकट वाटलेलं कॅलेंडर हातात आलं. त्यावर बारा महिन्यांची बारा जुनी जपानी चित्रं होती, लाकडी ठशांनी छापलेली. डोंगर, होड्या, पुलावरचा तिरपा पाऊस. अक्का ती पाहतच राहिली. "मज हे हातानं करायचं आहे. बाराच्या बारा."

"अक्का, त्यांच्याकडे ठसे होते. तुजकडे संधिवात आहे."

"तर मग हळू करीन. तुज काही घाई आहे का रे?"

त्या छापांतलं आभाळ वर गडद निळं आणि खाली येता येता विरून जाणारं. ते कुंचल्याने आणायचं तर कागद ओला हवा, आणि आमच्या उन्हात ओला कागद नजरेसमोर पापड होतो. मग पंखा बंद, दारांना ओल्या वेष्ट्यांचे, म्हणजे धोतरांचे, पडदे. मी सोबतीला बसलो की माझ्या घामाने कावेरीला पूर यायचा. कल्लणै धरणाचे दरवाजे त्या वर्षी का उघडले ते सरकारला अजून ठाऊक नाही. मनासारखा निळा मिळेना म्हणून तिने बाजारातली सगळी नीळ आणवली, आणि त्या पोंगलला अख्खं गाव पिवळट कपड्यांत हिंडलं. किती कागद फाडले असतील! पण जानेवारी झाला, जून झाला, नोव्हेंबर झाला. संधिवात वाढला तसा तिने कुंचल्याच्या दांडीला कापड गुंडाळून ती जाड केली. थांबली मात्र नाही.

डिसेंबरात बर्फ होता. नदीकाठचं गाव, लाकडी पूल, छत्री घेतलेला एक माणूस, बाकी सगळं पांढरं. बर्फ तिने पाहिला होता तो सरबतातला. हाताला सवय जुनी, म्हणून तिने तो चांगला जाड, उठावदार पांढऱ्या रंगाने थापला. शेजारची मीनाक्षी कॉफी घेऊन आली, चित्राकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "लोणी छान झालंय. कृष्ण कुठं आहे?"

मी हसून हसून जमिनीवर लोळलो. अक्का हसली नाही. भिंग घेऊन ती मूळ चित्रावर वाकली आणि कितीतरी वेळाने म्हणाली, "अय्यो... इथं रंगच नाही रे. नुसता कागद आहे."

मग सगळ्यात अवघड काम सुरू झालं. काहीही न करण्याचं. छपरं, पूल, पाणी रंगवून होई, आणि तिचा हात आपोआप त्या कोऱ्या जागेकडे सरके. एक ठिपका, एक रेघ... गेला कागद. शेवटी तिने माझी खुर्ची आपल्या उजवीकडे मांडली. "माझा हात पांढऱ्याकडे गेला की ओरड. ओरडणं तुज येतं." दिवसेंदिवस मी ओरडत होतो. तिच्या छातीत दुखू लागलं तरी ती बसत होती. एका दुपारी तिने छत्रीची शेवटची कड काढली, हात कोऱ्या जागेवर गेला, तिथेच थांबला... आणि मागे आला. मी ओरडलो नव्हतो. "झालं," ती म्हणाली. "आता ह्याला कुणी हात लावायचा नाही." त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात नेलं.

हे मी सेतूला सांगितलं. महिन्याच्या श्राद्धाला ती बारा चित्रं मांडायची होती, आणि तो डिसेंबरासमोर पांढरा रंग कालवून बसला होता. आईचं काम अर्धं राहू नये एवढीच त्याची इच्छा. "मामा, निम्मा कागद कोरा आहे. आणि तुम्हीच ना सांगत होता, आजोबा वाघावर बसून कुंभकोणमला जायचे म्हणून?"

"जायचेच! पण हे खरं आहे रे!"

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या तोंडाचा राग आला. मग मी ते बंद केलं. माळ्यावरून लोण्याचा डिसेंबर काढला, ह्या डिसेंबराशेजारी ठेवला, आणि माझ्या जुन्या खुर्चीवर सेतूच्या उजवीकडे जाऊन बसलो. एक शब्द बोललो नाही. मीनाक्षी साक्षीला आहे. सेतूने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. कुंचला कोऱ्या जागेवर नेला. बाहेर अग्निनक्षत्राचं, ऐन उन्हाळ्यातलं ऊन, आत पंखा बंद. आणि त्या उकाड्यात सेतूने डावा हात वर नेऊन खांद्यावरचं उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं... मग कुंचला खाली ठेवला. वाघाबद्दल हवं तर भांडा, पण उपरण्याबद्दल कुणी शंका काढायची नाही.

डिसेंबर आता पुढच्या खोलीत टांगला आहे. येणारे विचारतातच, हे पुरं कधी करणार? माझी खुर्ची मी त्याच्या उजवीकडेच ठेवली आहे. रोज दुपारच्या कॉफीला तिथे जाऊन बसतो. कुणाचं बोट पांढऱ्याच्या जवळ गेलं की ओरडतो.