दोन इंच माया

शिलाईबाईंनी आयुष्यात हजारो माणसांची मापं घेतली, पण बाथरूमचं माप घ्यायची वेळ त्यांच्यावर बासष्टाव्या वर्षी आली.

बाई तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे एक पलंग, एक कपाट आणि शेगडी. संडास-बाथरूम व्हरांड्याच्या पार टोकाला, मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांत मिळून एक. पूर्वी सकाळी तिथे बादल्यांची रांग लागायची आणि "आत झोप लागली का हो?" अशी हाळी ऐकू यायची. मग एकेक बिऱ्हाड हललं. आता रांग नव्हती, भांडण नव्हतं. बाईंनी कडी न लावता आंघोळ केली असती तरी चाललं असतं. पण त्या लावत. कडी लावली की बाहेर कुणीतरी आहे असं वाटे.

दुकान खरं तर दोघी बहिणींचं. बाई कापायच्या, धाकटी शिवायची. धाकटी वयाने सात वर्षांनी लहान आणि उंचीने आठ इंचांनी थोरली. "मला बेतताना आईला कापड कमी पडलं," बाई गिऱ्हाइकांना सांगायच्या. धाकटीचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, तेव्हा ती लहान मुलीला घेऊन ताईकडे परत आली. पुढे तेवीस वर्षं एकीची कात्री आणि दुसरीचं मशीन समोरासमोर चाललं. मग धाकटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी खाली बसायला कायमची बंदी केली, आणि ती दूरच्या शहरात लेकीकडे राहायला गेली.

"व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उकिडवं बसणं आता माझ्याच्याने व्हायचं नाही, ताई," ती फोनवर म्हणाली होती. "तू आत कमोडचं बाथरूम कर. दुसऱ्या दिवशी गाडीत बसते."

बाईंनी या वाक्यावर दुहेरी टीप मारून ठेवली. घरमालकाचा होकार मिळवायला आठ महिने गेले. तोवर त्यांनी जागा ठरवली होती: मागच्या खोलीचा कोपरा, चार फूट बाय सहा फूट. तिथे धाकटीचं मशीन झाकून ठेवलेलं होतं. ते त्यांनी खिडकीखाली सरकवलं आणि शिवणाच्या खडूने जमिनीवर चौकोन आखला. मग खाकी कागदाचे कमोड आणि बेसिन अगदी खऱ्या आकाराचे कापले आणि चौकोनात मांडून पाहिले. कागदी कमोडवर खुर्ची ठेवून त्या बसल्या, पाय पसरून पाहिले. आपले पाय आखूड, म्हणून धाकटीच्या पायांसाठी पुढे एक पट्टी ठेवली. ती पट्टी भिंतीला टेकली. कमोड तिरका केला, तेव्हा जमलं.

टाइल्सच्या दुकानातल्या मुलीला असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं असावं. बाई टाइल उचलत, अंगठा फिरवत, उजेडात तिरकी धरत.

"पोत बरा आहे. पन्हा किती?"

"पन्हा?"

"रुंदी गं, रुंदी. आणि धुतल्यावर रंग जात नाही ना?"

मुलगी हसू दाबत म्हणाली, "काकू, ही भाजलेली माती आहे. तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल."

बाईंनी नातवंडांचा हिशेब तिला समजावला नाही. जमिनीसाठी त्यांनी खरखरीत पोताची टाइल घेतली, ओल्या पायाला धरून ठेवणारी. धरायला स्टीलचा दांडा घेतला. नळ घेतला तो एका हाताने वर उचलायचा, कारण धाकटीच्या बोटांत ताकद उरली नव्हती. भिंतीच्या रंगाशी मात्र त्या थबकल्या. समोर मोरपंखी टाइल होती, गडद आणि झळझळीत, जणू नुकतंच उलगडलेलं रेशीम. बाईंचा हात दोनदा तिच्यावरून फिरला.

"ही देऊ?"

"नको. तिला भडक आवडत नाही. ती फिकट पिस्ता द्या."

"कोणाला आवडत नाही?"

"बहिणीला. येणार आहे ना राहायला."

मिस्त्री साठीला टेकलेला, कामात सावकाश आणि बोलण्यात सुसाट. उतार बरोबर साधला का ते पाहायला तो फरशीवर तांब्याभर पाणी ओतायचा आणि ते जाळीपर्यंत पोचेस्तोवर लग्नाच्या वरातीकडे बघावं तसं बघत राहायचा. बेसिनच्या नळ्या भिंतीत गाडायच्या दिवशी त्याने विचारलं, "मावशी, बेसिन किती उंच? साधारण बत्तीस-तेहेतीस इंच ठेवतात."

बाईंनी मापांची वही काढली. धाकटीचं पान त्यांना तोंडपाठ होतं, तरी काढली. कोपर जमिनीपासून एकेचाळीस. बेसिन कोपराखाली सहा इंच. बाईंनी पेन्सिल ओठांवर टेकवली आणि म्हणाल्या, "सदतीस घ्या."

"सदतीस? घरात उंट पाळताय का?"

"तुम्हाला काय करायचंय? लिहा, सदतीस."

त्याने खांदे उडवले आणि लिहिलं. नळ्या गाडल्या, वरून पिस्ता टाइल बसल्या, त्यांच्या सांधी भरल्या, आणि चार दिवसांनी बेसिन भिंतीवर चढलं. बाई हात धुऊन बघायला पुढे झाल्या. काठ त्यांच्या कोपराच्या वर आला. पाणी हातावरून उलटं वाहत थेट काखेपर्यंत गेलं.

मिस्त्री गालातल्या गालात हसत होता. "आता खरं सांगा. बहीण आहे किती उंच?"

"पाच फूट सहा."

"मग तिला पस्तीस पुरे की! हे वरचे दोन इंच कुठून काढले?"

बाईंनी वहीकडे पाहिलं. एकेचाळीसातून सहा गेले, पस्तीस. आणि मग हाताच्या सवयीने, चाळीस वर्षं प्रत्येक कापडात केलं तसंच... त्यांचा चेहरा उतरला.

"माया," त्या पुटपुटल्या.

"काय?"

"शिवणीच्या आत दाबून ठेवतो ते जास्तीचं कापड. माया म्हणतात त्याला. माणूस अंगाने भरलं की शिवण उसवून सैल करता येतं."

मिस्त्रीने थापी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "भिंतीत माया! मावशी, भिंत उसवायला छिन्नी लागते हो!"

बाईसुद्धा हसल्या. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी घरात मोठ्याने हसलं होतं. मिस्त्रीने सांगितलं की बेसिन खाली आणायचं तर दोन ओळींतल्या सहा टाइल फुटतील. "फोडा. पस्तीसला आणा," बाई म्हणाल्या आणि ही गंमत सांगायला दुकानाच्या खोलीत येऊन त्यांनी फोन लावला.

धाकटी इतकी हसली की तिला ठसका लागला. "ताई, तू म्हणजे ना! उद्या आंब्याच्या फोडीलाही माया ठेवशील!"

"तूच म्हणायचीस ना, ताईच्या हातात माया फार. आता भोग. पण काळजी करू नकोस, पस्तीसला आणतायत. तुझ्या मापाला बरोब्बर."

पलीकडचं हसू थांबलं.

"ताई, पस्तीसला नको आणूस."

"मग?"

"तुझ्या मापाला कर."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे भाचीच्या बाळाचा आवाज आला, दार लागलं.

"तू रागावणार," धाकटी म्हणाली.

"म्हणजे रागावण्यासारखं आहे."

"इथे लिफ्ट आहे गं. खाली बाग आहे. माझ्यासारख्या चौघी-पाचजणी जमतो. बाळ माझ्याशिवाय जेवत नाही..." ती थांबली. "ती सगळी कारणं आहेत. खरं सांगू? मला बरं वाटतंय इथे. मी बाथरूमचं म्हणाले ना, तेव्हा वाटलं नव्हतं की तू खरंच करशील."

"कधी सांगणार होतीस?"

"रोज सांगणार होते. तू रोज टाइलचं काहीतरी सांगायचीस."

बाईंच्या हातात फोनची वायर होती. तिला त्यांनी बोटाभोवती चार वेढे घातले, मग ते सोडवले.

"गुडघा कसा आहे?"

"बरा आहे. ताई..."

"मिस्त्री खोळंबलेत," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आत छिन्नीचा आवाज सुरू झाला होता. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पहिली टाइल फुटून पडली होती.

"पस्तीस नको," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने मागे वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि छिन्नी खाली ठेवली.

"माझ्या मापाला करा."

"किती लिहू?"

बाईंनी वही उघडली. धाकटीचं पान होतं, भाचीचं होतं, गल्लीतल्या मेलेल्या माणसांचीसुद्धा होती. स्वतःचं पान नव्हतं. त्यांचे कपडे धाकटीच बेतायची, नुसत्या नजरेने. बाईंनी गळ्यातली टेप काढून एक टोक पायाखाली धरलं आणि दुसरं कोपराला लावायला गेल्या, तर आकडा वाचायला वाकावं लागलं, आणि वाकलं की माप चुकलं. तीनदा झालं तसं.

"द्या इकडे," मिस्त्री म्हणाला. त्याने हात पुसले. "उभ्या राहा सरळ."

त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, हात कोपरात दुमडून. बाईंनी आजवर लोकांना सांगितलं होतं, अंग चोरू नका, श्वास सोडा, ताठू नका. आता त्यांचाच श्वास अडकला होता.

"छत्तीस. सहा वजा, तीस." तो टेप गुंडाळता गुंडाळता थांबला. "माया धरू का?"

त्याने हसवायला विचारलं होतं. बाईंनी मान हलवली. "नको. उसवायला कोण येणारे?"

संध्याकाळी त्या फुटक्या टाइलचा तुकडा घेऊन दुकानात गेल्या. ती पिस्ता संपली होती. मुलीने दुसरी पिस्ता पुढे केली. "काकू, जवळजवळ तीच आहे."

"जवळजवळ तोच रंग म्हणजे सगळ्यात वाईट ठिगळ," बाई म्हणाल्या. "माणूस लपवायला जातं आणि दिसतं तेच. ती मोरपंखी सहा दे."

"आणि बहिणीला भडक..."

"सहाच दे."

शेवटच्या दिवशी फिकट भिंतीत बेसिनच्या मागे ते गडद ठिगळ झळकत होतं. बाईंनी हात धुतले. पाणी बोटांवरून खाली गेलं, जिथे जायला हवं तिथेच. आरशात त्यांचा चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत सगळा दिसत होता. त्यांनी तो फार वेळ पाहिला नाही.

मिस्त्री हत्यारं आवरत होता. दाराला फक्त मूठ बसवली होती. "मावशी, आतून कडी नाही लावली मुद्दामच. एकट्या राहता. आत पाय घसरला तर दार फोडावं लागेल. आणि तसंही, बाहेर आहे कोण?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "तरी लावा."