आधी पुरी, मग काका

टॉवरकाकांनी एखादी गोष्ट सांगितली की ती परत म्हणून दाखवल्याशिवाय सुटका नसे. विमानतळाच्या टॉवरवर त्यांची उभी हयात गेली. यांनी सूचना द्यायची, वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणायची, ही सवय अंगात इतकी मुरलेली की निवृत्तीनंतरही जाईना. विरार स्टेशनाबाहेर ते रिक्षावाल्याला सांगायचे, "नंदाखाल, चर्चच्या अलीकडे डावीकडे. म्हणा." तो म्हणायचा, "बैठो ना अंकल." काका ढिम्म उभे. शेवटी तो बिचारा चर्च, अलीकडे, डावीकडे असं सगळं वदायचा, तेव्हा कुठे स्वारी आत बसायची. घरात मात्र हा कायदा चालत नसे. काकू म्हणायच्या, "लग्न झाल्या झाल्या मलाही म्हणाले होते, परत म्हण. मी म्हटलं, तुम्हीच म्हणा. तेव्हापासून गप आहेत."

आमची बिल्डिंग त्यांच्या केळीच्या वाडीला लागून. आम्ही साताऱ्याकडचे, इथे फ्लॅट घेऊन आलेले, पण माझं अर्धं लहानपण काकूंच्या स्वयंपाकघरात गेलं. डोक्यावरून विमान गेलं की काका हातातलं काम टाकून वर बघायचे आणि ते कुठून आलं, कुठे चाललं ते मला सांगायचे. मी वैमानिक व्हायचं ठरवलं याचं खापर आई अजून त्यांच्यावरच फोडते.

आणि वैमानिक होता होता मी नापास झाले. नोकरी लागायच्या आधी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खोट्या विमानात, परीक्षा असते. मध्येच एक इंजिन बंद पाडतात. परीक्षकच टॉवरवरचा कंट्रोलर बनून मागून प्रश्न विचारत राहतो. आता आमच्या घरची शिकवण अशी की मोठ्या माणसाने विचारलं की हातातलं सोडून आधी ओ द्यायची. मी दिली. इंधन किती, माणसं किती, अडचण काय, सगळं अदबीने सांगितलं. तेवढ्यात विमान एका अंगाला कलत कलत डोंगराकडे निघालं होतं. परीक्षक म्हणाले, "मुलगी तुम्ही फार चांगली आहात. पण आपण सगळे मेलो." पुन्हा एकच संधी होती. त्यात चुकले की नोकरी गेली.

रडत काकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काकूंना म्हणाले, "उद्या दुपारी पुऱ्या कर. ही तळेल."

दुसऱ्या दिवशी एका शेगडीवर तेल, दुसरीवर दूध आणि ओट्याशी मी. पहिली पुरी फुगली न फुगली तोच काकांनी मेन स्विच पाडला. केळीच्या सावलीमुळे त्या स्वयंपाकघरात भरदुपारीही अंधार. त्यात काका दाराबाहेर खुर्ची टाकून विचारतात, "तेल किती उरलंय? घरात माणसं किती? पुढे काय करायचा विचार आहे?" मी वळून म्हटलं, "काका, माणसं तीन, आई आली तर चार..." पुरी काळी झाली आणि दूध उतू गेलं.

"कंट्रोलर कुठे पळून जात नाही," काका म्हणाले. "मी खुर्चीत बसलोय, माझं काय जळतंय? हात भरलेले असतील तर मला सांगायचं, थांबा. आधी पुरी, मग कढई, मग काका."

काकू म्हणाल्या, "माझ्या आणखी पुऱ्या जाळल्यात तर तुम्हालाच तळीन."

सांगायला सोपं आहे हो. पण काकांसारख्या माणसाला तोंडावर "थांबा" म्हणायला माझी जीभ उचलेना. आठवडाभर पुऱ्या जळत राहिल्या. अखेर एका दुपारी दूध वर येत होतं, कढईतून धूर निघत होता, आणि बाहेरून काका विचारतायत माणसं किती. मी मागे न वळता ओरडले, "थांबा!" नेमकी त्याच वेळी आई दारात आलेली. "काय गं, मोठ्यांशी असं बोलतात?" काकांचा चेहरा नुसता फुलला होता. म्हणाले, "वहिनी, तिला रागावू नका. पोर आजच बोलायला लागली."

मी पास झाले. पेढे द्यायला गेले तर काकू म्हणाल्या, "पेढे राहू दे, माझी कढई घासून दे."

गेल्या वर्षी मुंबईत उतरताना आमचे फ्लॅप अडकले. फ्लॅप म्हणजे वेग कमी करायला पंखांतून बाहेर येतात ती पाती. ती नसली की विमान भलत्या वेगात उतरवावं लागतं. कॅप्टन विमान सांभाळत होते, अशा वेळी काय काय करायचं ती यादी वाचणं आणि रेडिओ माझ्याकडे. खाली टॉवरवर एक तरुण आवाज होता. त्याने इंधन विचारलं, माणसं विचारली. "स्टँड बाय," मी म्हटलं, म्हणजे आमच्या भाषेत थांबा. तो गप्प झाला. आमची वाट मोकळी केली, बाकीची विमानं लांब ठेवली, आणि मी हाक मारेपर्यंत एक शब्द बोलला नाही. आम्ही सुखरूप उतरलो. प्रवासी उशीर झाला म्हणून कुरकुरत गेले.

सुट्टी मिळाली तशी काकांकडे धावले. सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी विचारलं, "त्या पोराला फोन केलास का?"

"कुठल्या?"

"जो गप्प बसला त्याला. अगं, तुमच्या हाताला काम तरी असतं. आम्ही नुसतं ऐकायचं. उतरलात एवढं कळतं, की पुढचं विमान आलंच. इतक्या वर्षांत मला एकानेही फोन केला नाही."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. ओळखीपाळखीतून नंबर काढला आणि त्यांच्यासमोरच लावला. मी कोण ते त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी ड्यूटी संपली तरी मी घरी गेलो नाही, टॉवरच्या जिन्यातच बसून राहिलो. कुणाला सांगणार?" काकांनी फोन हातात घेतला. "मीही टॉवरवरच होतो रे," एवढंच म्हणाले. काकूंनी फोन काढून घेतला आणि त्या पोराला जेवलास का म्हणून विचारलं.

यंदा काका गेले. तेराव्याला वाडीत मांडव होता. एक उंच मुलगा चपला काढून कडेला उभा होता, कुणाच्याच ओळखीचा नाही. आईने मला विचारलं, हा कोण. मलाही सांगता येईना. तेवढ्यात त्याने एकाला विचारलं, "काकू कुठे आहेत?" मी त्याला आवाजावरून ओळखलं.

काकूंकडे घेऊन गेले तर त्याने नुसतं "काकू" म्हटलं, नाव सांगावं लागलं नाही. "त्या पहिल्या फोनपासून दर रविवारी हे तुझा फोन यायची वाट बघत बसायचे," त्या म्हणाल्या, आणि त्याला हाताला धरून आत जेवायला घेऊन गेल्या.