पेटी उघडण्याआधी

आईची जुनी पत्रं ठेवायला मी अण्णा सुतारांकडे एक पेटी करायला दिली होती. आज बघायला गेले, तर त्यांच्या टेबलावर सगळ्या बाजूंनी बंद असा लाकडाचा डबा होता.

"झाकण कुठंय?" मी विचारलं.

"त्यातच आहे. आता कापून काढायचं," अण्णा म्हणाले.

आधी सहाही बाजू चिकटवून टाकायच्या आणि मग करवतीनं झाकण वेगळं करायचं. म्हणजे लाकडाच्या रेषा झाकणावरून पेटीवर अखंड उतरतात. हे लाकूड आफ्रिकेतलं, काळ्या रेषांचं. अण्णांकडे एवढाच तुकडा होता, दुसरा मिळणार नाही.

त्यांनी पंखा बंद केला. पेन्सिलीची रेघ दोनदा तपासली. करवत टेकवली, परत उचलली, तळवे पँटला पुसले.

"इतकी वर्षं करताय, तरी?" मी म्हटलं.

"तरी भीती वाटतेच. हात घसरला तर हे पुन्हा जोडता येत नाही."

उद्या सकाळी आईच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. सत्तर वर्षांच्या तिच्या अंगाला आजवर साधा टाका पडलेला नाही. डॉक्टर हसत म्हणाले होते, "आमचं रोजचंच काम आहे, घाबरू नका." तेव्हा केवढा धीर आला होता मला.

करवतीचा पहिला आवाज आला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा अण्णा अजून श्वास रोखून कापत होते.

उद्या त्या डॉक्टरांनाही थोडी भीती वाटू दे.