टाकीवर तीन वाजता

तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. तेव्हा आधीच काय ते हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. अकोल्याच्या स्टेशनवर मी असा येडेपणा करून ठेवला आहे की अजून त्या बाजूनं जाताना मला पदर पुढं ओढावा लागतो. आमच्या घरमालकीणबाईंना वाचता येत नाही, एवढ्या भरवशावर लिहायला बसले आहे. तुमच्यात कुणी अकोल्याची असेल तर तिनं कृपा करून त्यांना वाचून दाखवू नये.

तेव्हा मी वलगावला सासरी होते. सासऱ्यांचा भाजीचा मळा. उजाडलं की सगळं घर मळ्यात, मागं उरायचो मी आणि आठ महिन्यांची माझी सुशी. आमचे हे अकोल्याला कापसाच्या जिनात कारकून. महिन्यातून एकदा यायचे, तेही आले की भावांच्या गराड्यात. घरात अकरा माणसं, पण दिवसभर बोलायला कोणी नाही. मी सुशीशी बोलायची आणि ती थुंकीचे फुगे काढायची. शिक्षण माझं सातवीपर्यंत, पण भीती पहिलीतल्या पोरीएवढी. सुशी जास्त झोपली तर मी तिच्या नाकापुढं बोट धरून बघायची, कमी झोपली तर अंगारा लावायची.

घरात वाचता येणारी मी एकटी. म्हणून यांचं पत्र आलं की सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायचं. त्यामुळं बिचाऱ्यांना मला एकटीला म्हणून काही लिहिताच यायचं नाही. 'वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.' यात मी कुठं बसते ते मी शोधत राहायची.

एक दिवस पत्र आलं. अकोल्यात एक खोली मिळण्यासारखी आहे. पण घरमालकीणबाई बाईमाणूस पाहिल्याशिवाय खोली देत नाहीत. आणखी दोघं मागून राहिले आहेत, तेव्हा येत्या शनिवारी पाठवून द्या, दिवेलागणीच्या आत त्यांना भेटायचं आहे. एवढं वाचतानाच मी एक ओळ दोनदा वाचली. आणि शेवटी लिहिलं होतं, 'गाडी दोनला येते, मी जिनातून अडीचला सुटतो. स्टेशनाबाहेर पडलं की टाकी दिसेल. तिथं यावे. तीन वाजता सुरू होते. मी जागा धरून ठेवतो.'

सासरे मान डोलवून म्हणाले, "पाहा, पोरगं हुशार हाये. खोली घ्याच्या आंधी बायकोले पानी दाखवून राह्यलं."

सासूबाई म्हणाल्या, "अकोल्यात पान्याचे हालच हायेत म्हनते लोक. तीनले सुरू होते म्हने टाकी. मंग कळशी घेऊन जाय वो. रिकाम्या हातानं टाकीवर कोन जाते?"

आता तुम्हीच सांगा, यात मला काय वावगं वाटावं? टाकी म्हणजे पाण्याची टाकी. तीन वाजता नळ सुरू होतो आणि हे माझ्यासाठी रांगेत जागा धरून ठेवणार. नवरा बायकांच्या रांगेत उभा राहणार, तोही माझ्यासाठी. दोन दिवस माझं कामात चित्त नव्हतं.

शनिवारी सासऱ्यांनी बडनेऱ्याला मला बायकांच्या डब्यात बसवून दिलं. कडेवर सुशी, एका हातात पितळेची कळशी, काखेत थर्मास. थर्मास यांनी दिवाळीला आणला होता. विस्तवाशिवाय दूध गरम राहतं ही गोष्ट सासूबाईंना बरी वाटेना, म्हणून तो फडताळात पडून होता. मी मात्र कोण शहरातली असल्यासारखी तो घेऊन निघाले.

गाडी जरा थांबली की मी विचारायची, "अकोला आलं का?" मूर्तिजापूरला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा समोरची म्हातारी म्हणाली, "बाई, अकोला आलं का मीच तुले ढकलून देईन. आता बस गपचिप." तिला काय माहीत, मला अकोल्याची भीती नव्हतीच. ते पुढं निघून जाईल याची होती.

स्टेशनाबाहेर आले आणि खरंच टाकी दिसली. उंच, लोखंडी, काळी, यार्डाच्या कुंपणापाशी. चार पायांवर उभी. खाली ना नळ, ना रांग, ना बाई. म्हटलं अजून तीन वाजायचे आहेत. मी कळशी खाली ठेवली, पहिला नंबर आपलाच म्हणून बरंही वाटलं.

तीन वाजले. कोणी आलं नाही. एक इंजिन आलं, टाकीच्या सोंडेतून पाणी प्यायलं, माझ्या अंगावर वाफ सोडून निघून गेलं. सुशी किंचाळायला लागली. साडेतीन झाले. मग मनात सगळं एकदमच यायला लागलं. हे जिनात अडकले का? यंत्रात हात तर नाही सापडला? की खोली दुसऱ्याला गेली आणि हे तोंड दाखवायला लाजून राहिले? डोळ्यांत पाणी यायला लागलं. जाणारे येणारे बघत होते. एवढ्या मोठ्या स्टेशनात माझ्या ओळखीची एक कळशी तेवढी होती.

मग मला वाटलं, जागा धरून ठेवतो म्हणाले ती टाकीच्या पलीकडच्या अंगाला तर नसेल? मध्ये कुंपण. टाकीला लोखंडी शिडी होती. दोन पायऱ्या चढले की पलीकडं दिसेल. मी सुशीला घट्ट धरलं आणि पाय ठेवला.

दुसऱ्या पायरीवर होते तोच मागून कोणी ओरडलं, "ओ बाई, उतर. अल्लाच्या वास्ते खाली उतर."

रुळांचे सांधे बदलणारे रेल्वेचे पॉइंटमन होते. पांढरी दाढी, हातात लाल झेंडी, आणि ती झेंडी ते माझ्यापुढं हलवत होते, जसं काही मी मुंबईहून आलेली मेल आहे.

"घरात भांडन झालं म्हनून असं करते काय कोनी? पोरीकडं तरी पाह्य."

"मी कुठं भांडले? मी वाट पाहते आहे."

"टाकीवर चढून?"

मी सुशीला सावरत खाली उतरले. तोवर पंधरावीस माणसं जमली. पॉइंटमनच्या बायको जोहराबी क्वार्टरातून धावत आल्या, त्यांनी आधी सुशी माझ्या कडेवरून काढून घेतली. मग कळशीकडं पाहिलं. गर्दीतला एकजण म्हणाला, "गळ्यात बांधाले आनली असन."

"नवऱ्याचं नाव काय तुह्या?" पॉइंटमन म्हणाले. "कोनाले तरी पाठवतो."

आता आली का पंचाईत. नवऱ्याचं नाव असं चारचौघांत घ्यायचं? उखाण्यात घेता आलं असतं, पण टाकीखाली, वीस पुरुषांपुढं, उखाणा? मी खाली मान घालून उभी.

"नाव बी घेत नाही," तोच एकजण म्हणाला. "लईच तरास दिला दिसते त्यानं."

मला एकदम सुचलं, मी म्हटलं, "लिहून देते." शिकल्याचा कधी नव्हे तो उपयोग. पत्राच्या पाकिटाच्या पाठीवर कोळशानं नाव लिहून दिलं. पॉइंटमननं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. मग कागद गर्दीत फिरला. एकाला फक्त उर्दू येत होतं, एकाला अंगठा. तिकीटबाबूंकडं नेला, तर ते मद्रासकडचे. कागद फिरून माझ्याच हातात आला.

एवढ्यात जोहराबींचं लक्ष थर्मासकडं गेलं. "अन् या बाटलीत काय हाये?"

"दूध."

त्यांनी झाकण काढलं. भपकन वाफ आली. "कवाचं दूध?"

"सकाळचं."

"सकाळचं दूध अन् अजून वाफा? काय घातलं वो बाई यात?" त्यांनी बाटली पाठीमागं लपवली. मी थर्मास काय असतो ते समजावून सांगायला लागले, तशी त्यांची खात्रीच पटत चालली. शेवटी मीच म्हटलं, द्या, मी पिऊन दाखवते, तर म्हणतात, "वा वा. म्हनजे तुह्या मनासारखं." कशीबशी बाटली हातात घेऊन मी घोटभर प्यायले. सगळी गर्दी माझ्या तोंडाकडं बघत उभी. मी पडले नाही, तेव्हा काही लोक जरा नाराज झाल्यासारखे वाटले.

जोहराबींनी मला घरात नेलं, पाटावर बसवलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आता खरं सांग. कोनी बलावलं तुले इथं?"

त्या हातानं मला रडूच फुटलं. कित्येक महिन्यांत कुणी असा पाठीवर हात ठेवला नव्हता. मी पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. 'तीन वाजता सुरू होते. मी जागा धरून ठेवतो.'

दारातून पॉइंटमन म्हणाले, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. ते जोहराबींकडं बघायला लागले, जोहराबी त्यांच्याकडं. मग त्या तोंडाला पदर लावून अशा हसल्या की सुशीही हसायला लागली. "अवो येडे, ही पान्याची टाकी नाही. ते टाकी. बोलता सिनेमा. त्या तिथं, डाव्या हाताले, पताका लावल्या ना, थो."

घरात सगळ्यांपुढं पत्र वाचलं जाणार, सिनेमाचं नाव काढलं तर सासूबाई पाठवायच्या नाहीत, म्हणून यांनी आडून लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला एकटीला कळावं असं काही लिहिलं, आणि ते मला एकटीलाच कळलं नाही.

धावतच गेले. हे टाकीच्या दारात उभे, हातात दोन तिकिटं. आत एका खुर्चीवर रुमाल टाकून आले होते. मला पाहून म्हणाले, "अगं, कुठं होतीस? मी समजलो बाबानं पाठवलंच नाही. अर्धा खेळ झाला."

मी धापाच टाकत होते.

"अन् इकडं बोंब उठली. स्टेशनच्या टाकीवर कोनी बाई लेकरू घेऊन जीव द्यायला चढली म्हणे. मी तर म्हटलं, काय दुष्ट नवरा असेल तिचा."

मी कळशी पुढं केली. त्यांनी कळशीकडं पाहिलं, माझ्या काळ्या झालेल्या हातांकडं पाहिलं, आणि मग हळूच खाली पायरीवर बसले.

बोलपट राहिलाच. घरमालकीणबाईंकडं पोचलो तेव्हा दिवे लागायलाच आले होते. दारात बाई उभ्याच. "स्टेशनाकडून आले काय? तिकडं कोनी बाई टाकीवर चढली होती म्हनते, कळशी घेऊन?" हे वाकून चपला काढायला लागले. बाईंनी माझे लाल डोळे पाहिले, कडेवरची सुशी पाहिली, कळशी पाहिली. मला वाटलं, गेली खोली. आता पुन्हा वलगाव, पुन्हा भिंतींशी बोलणं.

पण बाई एकदम मऊ होऊन म्हणाल्या, "खोली तुमाले दिली. उद्याच या राहाले."

मला वाटलं, माझा चेहरा आवडला.

आम्ही राहायला आलो. हे उजाडता जिनात जायचे, दिवे लागल्यावर यायचे. मी धास्तावले होते की इथंही तेच. पण नाही. मी घागर उचलली की शेजारची हाक मारायची, "थांब वो, मी बी येते." विहिरीवर एकीच्या दोघी व्हायच्या, दोघींच्या चौघी. सुशीला कोणी ना कोणी घ्यायचं. दुपारी घरमालकीणबाई स्वतः तांदूळ निवडायला माझ्या उंबऱ्यात येऊन बसायच्या. मी माहेरी कौतुकानं लिहिलं, अकोल्याची माणसं फार लोभाची.

दोन महिन्यांनी शेजारच्या लहानीनं भोळेपणानं विचारलं, "मावशी, आई म्हनते तुमाले इहिरीपाशी एकटं सोडाचं नाही. काहून?"

मी घरात येऊन बसले. म्हणजे हा लोभ असा होता. लाज वाटली, रागही आला. ठरवलं, आजच सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकायचं. पाण्याच्या वेळेला पाचजणी विहिरीवर होत्या. मी तोंड उघडलं. आणि मनात आलं, हे सांगून झालं की उद्यापासून या पाचजणी आपापल्या वेळेला येतील.

"काय म्हनत होतीस वो?" घरमालकीणबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मध्यंतरी कापसाचा हंगाम होता, बायका कामात, दोन दिवस विहिरीवर मी एकटीच. तिसऱ्या दिवशी मी दोर सोडता सोडता विहिरीत वाकून पाहिलं आणि जरा मोठ्यानं सुस्कारा टाकला.

घागर वर यायच्या आत सहाजणी आल्या.