विमानात न बसायची शपथ

गाव सोडलं त्या दिवशी मी आधी दार काढलं. सागाचं दार, बापाने बसवलेलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या, निघेनात. शेवटी चौकटीसकट उपटलं आणि टेम्पोत आडवं टाकलं. बायको, मथुरा, त्याच दारावर बसली, मांडीवर पाटा घेऊन. वरवंटा कुठे राहिला तो आजपर्यंत सापडला नाही. तुम्ही गाववाले सगळे असेच निघालात, कोणी आधी, कोणी मागून. आपलं गाव विमानतळात गेलं, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

टेम्पो सुटायच्या आधी मी देवळात गेलो, ते पुष्कळांनी पाहिलं. देवी अजून हलवली नव्हती. मी नारळ ठेवला आणि मोठ्याने बोललो, माझ्या घरातला माणूस या जन्मात विमानात बसणार नाही. पोराला, महेशला, दंडाला धरून पुढे ओढला आणि नारळावर हात ठेवायला लावला. बावीस वर्षांचा होता. मथुरा मागून बोलली, "अवो, तोंडान येल ता समदा बोलू नका. देवी धरून ठेवते."

मी म्हटलं, धरू दे.

चार जणांनी पाठ थोपटली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

आपली रीत अशी, की ज्याने नारळ ठेवला त्यानेच तो उचलायचा, तोही कौल घेऊन. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावायची. उजवं आधी पडलं तर सुटलास, डावं पडलं तर बांधलेला. दुसऱ्या कोणाला ती शपथ सोडवता येत नाही. आमच्या घरात तो हक्क माझा एकट्याचा, आणि मला त्याचा गर्व होता.

महेश पुढे बोटीवर लागला. उरणच्या बाजूच्या बंदरातूनच चढला. फिरत फिरत हॉलंडला उतरला आणि तिथल्या गोदीत क्रेनवर काम मिळालं. बोटीवरची नोकरी सुटली तसा परत यायचा रस्ताही सुटला. तिकडेच नाशिककडची एक नर्स, स्वाती, तिच्याशी लग्न केलं. आम्ही लग्नाला गेलो नाही. जाणार कशाने? व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकल्या. मथुराने खरेच तांदूळ मोबाईलवर टाकले, मग कव्हरमधून दोन दिवस दाणे निघत होते.

गाडीने यायचं सुनेनेच काढलं. तिने शपथ घेतली नव्हती, ती कधीही विमानात बसली असती, पण नवऱ्याला सोडून येणार नाही म्हणाली. त्यांनी जुनी व्हॅन घेतली. आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सून भिंतीवरचा नकाशा दाखवायची. जर्मनी, मग खाली उतरत तुर्कस्तान, जॉर्जिया, रशिया, कझाकस्तान, चीन, नेपाळ. तिथून गोरखपूर, नाशिकला माहेरी दोन दिवस, मग आपलं पनवेल. मी तिसरी शिकलेला, मथुरा तेवढीही नाही, पण भाजी निवडताना ती देश म्हणायची, ओव्या म्हणाव्या तसे. चीनमध्ये तांदळाचं पीठ मिळतं का, हे तिने सुनेला तीनदा विचारलं.

"सूनबाय, चार म्हयने गारीत कशी ऱ्हाशील यांच्या पोराबरोबर? मी यांच्याबरोबर एक टेम्पो काढला तं कंबर धरली."

स्वाती खूप हसली. मग मथुराने हळूच विचारलं, "आनि इमानान किती टाइम?"

"नऊ-दहा तास, आई."

मथुरा माझ्याकडे बघत राहिली. मी उठून बाल्कनीत गेलो.

दोन वर्षं हे प्लॅनिंग चाललं. कधी तिची रजा नाही, कधी व्हिसा नाही. त्या दोन वर्षांत मी कॉलनीत कोणाला सोडलं नाही. माझा पोर शब्दाचा पक्का, अर्धी दुनिया रस्त्याने तुडवत बापाच्या दारात येणार, हे चहावाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं. तो यायला निघालाच नव्हता, तरी सांगितलं.

शेवटी एप्रिल ठरला. त्याआधी चीनच्या घाटात बर्फ असतं, रस्ता बंद. आणि थंडीत मथुराचं हृदय बसत चाललं. बेलापूरला दवाखान्यात ठेवली. डॉक्टर म्हणाले, बोलवायचं त्याला बोलवून घ्या, दिवस थोडे आहेत.

महेशचा फोन आला. "बाबा, तिकीट काढतो, उद्या पोचतो. तुमी फक्त नारल उचला. तसा बसनार नाय मी. हात तुमीच ठेवायला लावला होता."

पोर माझाच. मी दुसरं काय पेरलं होतं?

मथुरा खाटेवरून बोलली, "सोरा त्याला आता. माना पोराला बघू दे एकदा."

मी निघालो. देवी हलवली त्या नव्या देवळात गेलो, तुमच्या सेक्टरमधल्या. फुलांची पुडी होती, जुन्याच्या जागी ठेवून उचलायला नवा नारळ होता. पायरीवर आपलीच माणसं बसली होती. नावं लिहीत नाही, ज्यांची त्यांना कळतील. एक म्हणाला, "काय दादा, पोर कुठवर आला? चीन का नेपाळ?" दुसरा म्हणाला, "का शेवटाला इमानच गाठलान?" आणि हसले सगळे. वाईट मनाने नाही. आपण हसतोच तसे.

माझा पाय पायरीवर होता. यांच्यादेखत ठेवलेला नारळ यांच्यादेखत उचलायचा, हे मला झालं नाही. "बाहेरूनच नमस्कार करायला आलो," म्हटलं आणि माघारी फिरलो. रिक्षातून महेशला फोन लावला. म्हणालो, कौल घेतला. डावा पडला.

तो म्हणाला, "बरं."

मथुरालाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "आपली देवी अशी नाय." आणि भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी गेली. त्या तीन दिवसांत मला रोज देवळात जाता आलं असतं. मी खाली कॅन्टीनमध्ये चहा पीत बसलो.

बाराव्यानंतर महेशला खरं सांगितलं. देवी नाही म्हणाली नव्हती, मी विचारलंच नव्हतं. त्याने सगळं ऐकलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "ठेवतो, बाबा," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याचा आवाज मी ऐकला नाही. सुनेचा एक मेसेज आला, की व्हॅन विकली, आणि बीपीची गोळी चुकवू नका.

आता तुम्हालाही कळलं. देवीवर मी खोटं घातलं, तिला बोल लावू नका.

मी पासपोर्ट काढला आहे. विमानात बसणार आहे, नारळ न उचलता. देवीने माझं जे करायचं ते करावं. जन्मठिकाणाच्या रकान्यात आपल्या गावाचं नाव लिहिलं. माझं घर दोनदा गेलं. पहिल्यांदा तुम्हा सगळ्यांबरोबर गेलं, तेव्हा रडायला सोबत होती. दुसऱ्यांदा मी एकट्याने घालवलं, रिक्षात बसून.

व्हिसाला पोराचं बोलावण्याचं पत्र लागतं. मी मागितलं आहे. दोन महिने झाले, उत्तर नाही. आलं तर मला घर आहे असं समजा. नाही आलं तर हा सेक्टर, हा प्लॉट नंबर, हा नुसता पत्ता आहे, टपालवाल्याच्या सोयीचा.